‘कोर्ट’मधलं न ऐकलेलं गाणं

चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये ज्या गाण्यावरून सगळा खटला उभा राहतो, ते गाणं आपल्याला एकदाही ऐकू येत नाही. लोकशाहीर नारायण कांबळे सुरुवातीला स्टेजवर गाताना दिसतात, पण ते गाणं वेगळं. आरोप आहे तो आधीच्या एका कार्यक्रमातल्या गाण्याबद्दल. गटारात उतरणाऱ्या कामगारांनी तिथेच गुदमरून जीव द्यावा, असं त्या गाण्यात होतं म्हणे, आणि ते ऐकून वासुदेव पवार नावाच्या सफाई कामगाराने आत्महत्या केली, असं पोलिसांचं म्हणणं. पुढे जवळपास दोन तास या गाण्यावर वाद होतो. वकील बोलतात, साक्षीदार येतात, तारखा पडतात. गाणं मात्र कुणीच वाजवत नाही.

सिनेमा २०१४ साली व्हेनिसमध्ये गाजला, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, भारताकडून ऑस्करलाही गेला. त्याच्यावर भरपूर लिहून झालंय. बहुतेकांनी न्यायव्यवस्थेचा संथपणा, जात आणि वर्ग याबद्दल लिहिलं, आणि ते बरोबरच आहे. मला त्या गायब गाण्याबद्दल बोलायचंय. कारण माझ्या मते हा सिनेमा आधी बोललेल्या शब्दाबद्दल आहे आणि मग न्यायाबद्दल. तोंडातून निघालेला शब्द कोर्टात पोचेपर्यंत त्याचं काय होतं, हे इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुठल्या मराठी सिनेमात मी पाहिलेलं नाही.

न्यायाधीश सदावर्ते (प्रदीप जोशी) साक्ष कशी नोंदवून घेतात ते आठवा. साक्षीदार बोलतो. न्यायाधीश थांबतात, आणि मग आपल्या शब्दांत वाक्य जुळवून टायपिस्टला सांगतात. चार वाक्यांचं एक होतं, अडखळणं निघून जातं, मराठीचं इंग्रजी होतं. सदावर्ते खलनायक नाहीत, ते रोजचं काम करतायत. सत्र न्यायालयात साक्ष साधारणपणे निवेदनाच्या स्वरूपात लिहावी, असं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७६ व्या कलमातच होतं. गरज वाटली तर न्यायाधीश प्रश्नोत्तरं जशीच्या तशी घेऊ शकतात, पण तो त्यांचा अधिकार. म्हणजे वकिलाने विचारायचं, साक्षीदाराने ‘व्हय’ म्हणायचं, आणि कागदावर प्रश्न गायब होऊन साक्षीदाराच्या तोंडी एक पूर्ण वाक्य येणार. तालुक्याच्या कोर्टातला कुठलाही जबाब उघडा. ‘हे म्हणणे खरे आहे की...’, ‘असे म्हणणे खरे नाही की...’ अशी पानंच्या पानं. माणूस फक्त ‘न्हाय’ म्हणाला होता.

आमच्या धंद्यात याला लॉसी कॉम्प्रेशन म्हणतात. फोटोची जेपेग फाइल करताना डोळ्याला फारशी न दिसणारी माहिती फेकून दिली जाते, फाइल लहान होते, पण फेकलेलं परत मिळत नाही. जबाब असाच असतो. फरक इतकाच, की फोटोत काय फेकायचं याचे नियम ठरलेले आहेत आणि इथे ते त्या दिवशी खुर्चीवर बसलेल्या माणसावर आहे. अपील वर गेलं की वरच्या कोर्टासमोर येते ती ही लहान केलेली फाइल. साक्षीदार कसा बोलत होता यावर न्यायाधीशांनी शेरा लिहून ठेवावा, अशी सोय कायद्यात आहे (जुनं कलम २८०). पण शेरा तो शेराच.

माण तालुक्यातल्या माणसाला हे जरा जास्त लागतं. आमच्याकडे बोलणं राकट आहे. शेळी दावं तोडून कुणाच्या कडवाळात घुसली तर म्हातारी तिला ‘मुडदा बशिवला तुजा’ म्हणते आणि संध्याकाळी त्याच शेळीला हाताने पाला चारते. बांधावरून भांडण झालं की सख्खा भाऊ भावाला ‘हितंच गाडीन’ म्हणतो. व्यंकटेश माडगूळकरांनी १९४९ साली ‘माणदेशी माणसं’मध्ये हे बोलणं कागदावर आणलं, तेव्हा त्यांनी माणूस आधी उभा केला आणि वाक्य नंतर दिलं. फिर्याद नेमकं उलटं करते. ‘हितंच गाडीन’ ठाण्यात पोचलं की ‘शिवीगाळ, दमदाटी करून जिवे मारण्याची धमकी दिली’ होतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात हे वाक्य सापडेल, त्यात कुठल्याच गावाचा वास नाही. मूळ शब्द पुढे कुणाला हवेच असले, तर वर्षभराने उलटतपासात विचारतात, तेव्हा कुणाला आठवत नसतात.

पण इथे एक अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. ‘आमच्यात असंच बोलत्यात’ हा बचाव सगळ्यात जास्त कोण करतं? जातीवरून बोलणारा. ज्याला तो शब्द लागला त्याने तो राकट बोलीचा नमुना म्हणून सोडून द्यावा, अशी अपेक्षा असते. म्हणून १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा महत्त्वाचा. त्यात जातिवाचक अपमानाच्या कलमाला एक अट आहे: तो लोकांच्या नजरेसमोरच्या ठिकाणी झालेला असावा लागतो. म्हणजे कोण ऐकत होतं, यावर गुन्हा ठरतो. २०२० साली हितेश वर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कुणी हजर नसताना काढलेले उद्गार या कलमात बसत नाहीत. कायद्याच्या शब्दांत ते बसतही असेल. पण ज्याला शिवी दिली तोच ऐकणारा होता, आणि तो मोजला गेला नाही. बोली समजून घ्या म्हणताना मला हेही म्हणावं लागतं.

‘कोर्ट’मधल्या आरोपाकडे परत येऊ. आत्महत्येस प्रवृत्त करणं, म्हणजे तेव्हाचं कलम ३०६ (आता भारतीय न्याय संहितेत १०८). यावर सुप्रीम कोर्टाचं म्हणणं जुनं आणि बऱ्यापैकी स्पष्ट आहे. १९९५ च्या स्वामी प्रल्हाददास प्रकरणात आरोपीने रागात ‘जा, मर’ म्हटल्याचा आरोप होता. कोर्टाने सांगितलं, भांडणात असं बोललं जातं, त्यामागे खरंच मरावं असा हेतू धरता येत नाही. २००२ च्या संजू प्रकरणात तेच. मराठी घरात वाढलेल्या कुणालाही हे पटेल. ‘जा, मर जा तिकडं’ हे आपल्याकडे गृहपाठ न केल्याबद्दलही ऐकावं लागतं. तेव्हा समोरासमोर, नाव घेऊन म्हटलेलं ‘जा, मर’ जिथे पुरत नाही, तिथे गर्दीसमोर गायलेलं एक गाणं कसं पुरेल? नारायण कांबळेंवरचा आरोप कायद्याच्या पुस्तकात टिकणारा नाही. बचावाचा वकील विनय व्होरा हे ओळखून आहे. तरी म्हातारा शाहीर आत जातो, जामिनावर सुटतो, पुन्हा आत जातो. कायदा काय म्हणतो आणि तो म्हणेपर्यंत माणसाचं काय होतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिनेमा दुसरीबद्दल आहे.

आता एक खरा खटला, कारण यात शब्द लिहिलेले नसून बोललेले होते. टिळकांचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला सगळ्यांना माहीत असतो, तो ‘केसरी’तल्या लेखांवरून होता. १९१६ चा तेवढा माहीत नसतो. त्या वर्षी मे महिन्यात बेळगावला आणि मेअखेर व जूनच्या सुरुवातीला अहमदनगरला टिळकांनी होमरूलवर मराठीत भाषणं केली. पोलिसांचे मराठी लघुलेखक ती उतरवून घेत होते. २३ जुलैला, टिळकांच्या साठाव्या वाढदिवशीच, त्यांच्या हातात नोटीस पडली: वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून वीस हजारांचा जातमुचलका, वर दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने तसा हुकूमही दिला. हायकोर्टात टिळकांच्या बाजूने महंमद अली जिना उभे राहिले.

त्या भाषणांत टिळकांनी सरकारचे दोन भाग केले होते. एक अदृश्य सरकार, म्हणजे राजसत्ता, आणि एक दृश्य, म्हणजे रोज अंगावर येणारे अधिकारी. निर्गुण ब्रह्म मायेत सापडलं की सगुण होतं, हा वेदान्तातला दाखला त्यांनी त्यासाठी वापरला. समोरच्या माणसांनी असली उदाहरणं कीर्तनात शंभर वेळा ऐकलेली असणार. त्यांना राजावर राग नाही, मामलेदारावर आहे, हे लगेच कळलं असणार. आता हेच पोलिसाच्या वहीतून इंग्रजी भाषांतरात जाऊन हायकोर्टाच्या टेबलावर पोचलं. तिथे एकेक वाक्य सुटं काढलं तर काहीही सिद्ध करता आलं असतं. न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी तसं केलं नाही. भाषण पूर्ण वाचायचं, आणि ज्यांच्यासमोर ते झालं त्यांच्यावर त्याचा एकूण परिणाम काय होईल ते बघायचं, या रीतीने ते गेले. ९ नोव्हेंबर १९१६ ला हुकूम रद्द झाला. परक्या सरकारच्या कोर्टात मराठी भाषण थोडंफार ऐकलं गेलं म्हणायचं. आठ वर्षांपूर्वी त्याच हायकोर्टात लेखांच्या भाषांतरावर टिळक दिवसेंदिवस भांडले होते आणि सहा वर्षं मंडालेला गेले होते. दोन्ही वेळा कायदा साधारण एकच होता.

ऐकणारा कोण, या प्रश्नाचं आणखी एक उत्तर नागपूरहून आलं. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर हायकोर्टात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं, की शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने. डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका बघणाऱ्याच्या मापाने जोखायचा नाही. १९८८ मध्ये ‘तमस’ मालिका बंद पाडण्याचा प्रयत्न झाला तेव्हा सुप्रीम कोर्टाने हेच माप उचललं. त्या प्रकरणातली मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. मुंबई हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी, लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी, निर्णयाआधी मालिका बसून पाहिली. सदावर्तेंच्या कोर्टात कुणी गाणं ऐकायची मागणी केली असती तर?

बोस यांचं माप अगदी अलीकडे आपल्या जवळच्या जिल्ह्यात कामाला आलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजातल्या मूळच्या काश्मिरी प्राध्यापकाने ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवले. एकात ३७० कलम रद्द झालेला ५ ऑगस्ट हा काळा दिवस म्हटला होता, दुसऱ्यात १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा होत्या. हातकणंगले पोलिसांनी १५३-अ खाली, म्हणजे गटांमध्ये वैर वाढवल्याचा गुन्हा नोंदवला. मुंबई हायकोर्टाने तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टाने, न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी, रद्द केला. मोजक्या दुबळ्या मनांवर काय परिणाम होईल हे माप नाही, असं सांगताना त्यांनी बोस यांचा आधार घेतला, आणि पोलिसांना अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवायची वेळ आली आहे, असंही लिहिलं. निकाल चांगलाच आहे. पण स्टेटस चोवीस तासांत आपोआप जातं आणि गुन्हा जायला दीड वर्षाच्या वर लागलं. समंजस, खंबीर आणि धीट माणूस दिल्लीत बसतो. हातकणंगल्यात पहिल्यांदा स्टेटस वाचणाऱ्याला तो भेटलेला नसतो.

संदर्भ बघायचा म्हटलं की दरवेळी बोलणारा सुटतोच असंही नाही, आणि सुटू नयेच. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत रमेश प्रभूंसाठी बाळासाहेब ठाकरेंनी केलेली भाषणं कोर्टात गेली. ११ डिसेंबर १९९५ ला सुप्रीम कोर्टाने प्रभूंची निवडणूक रद्दच ठेवली, कारण त्या भाषणांत धर्माच्या नावावर मतं मागितली होती. त्याच दिवशी मनोहर जोशींच्या प्रकरणात मात्र, पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात येईल, हे सभेतलं वाक्य म्हणजे नुसती आशा आहे, असं ठरलं. सभेत उभं राहून ऐकणाऱ्याला हा फरक कितपत जाणवला असता, मला शंका आहे. आणि गंमत अशी, की एवढ्या निकालातून लोकांच्या लक्षात राहिलं ते ‘हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे’ एवढंच. निवडणूक रद्द झाली होती हे सांगितलं की माणसं चकित होतात. कोर्टाचं बोलणंही लोक सुटं काढूनच ऐकतात.

राहिली अब्रुनुकसानी. इंग्लंडमध्ये बोललेली बदनामी आणि लिहिलेली बदनामी यांत फरक करतात, बोललेली हलकी मानतात, कारण ती हवेत विरते. आपल्या फौजदारी कायद्यात पहिल्यापासून दोन्ही एकच. जुनं ४९९, आताचं ३५६, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा घटनेत बसतो असं सांगून वाद मिटवला. तत्त्वावर मी इथे भांडत नाही. गावात अब्रू ही चैनीची गोष्ट नसते, आणि कुणाच्या मुलीबद्दल पारावर बोललेलं एक वाक्य काय करू शकतं ते मला माहीत आहे. पण तसल्या वाक्यावर फौजदारी करायला कुणी कोर्टात जाताना मी पाहिलं नाही. तिथे बहुतेक जातात ते ज्यांच्याकडे वकील आधीच आहे असे.

भिवंडीचा खटला घ्या, कुणाची बाजू बरोबर हे क्षणभर सोडून. मार्च २०१४ मध्ये राहुल गांधींनी तिथे सभेत संघाबद्दल विधान केलं, त्यावर तक्रार झाली. दहा वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, मुंबई हायकोर्टासमोर वाद काय होता? भाषणाची टाइप केलेली प्रत पुरावा म्हणून घ्यायची की नाही. आरोपीनेच आधीच्या एका याचिकेला ती जोडली होती, म्हणजे त्याला ती मान्य आहे, असं धरून मॅजिस्ट्रेटने ती घेतली होती. हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. हजारो लोकांसमोर, कॅमेऱ्यांसमोर बोललेले शब्द, आणि दहा वर्षं उलटली तरी ते ‘बोलले गेले’ हे कागदावर यायचं होतं.

रेकॉर्डिंगने हे सुटेल असं आमच्या पिढीला वाटतं. टेपवरची भाषणं पुरावा म्हणून चालतात हे सुप्रीम कोर्टाने १९७५ मध्येच मुंबईच्या बुखारी निवडणूक प्रकरणात मान्य केलं. आताच्या भारतीय साक्ष अधिनियमात तर ६३ व्या कलमाखालच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू द्यावी लागते, फॉर्ममध्ये शा-२५६ असं चक्क छापलेलं आहे. मी रोज वापरतो ती गोष्ट कायद्याच्या परिशिष्टात बघून मला बरं वाटलं. पण हॅश एवढंच सांगते, की फाइल बदललेली नाही. ‘हितंच गाडीन’ म्हणणारा हसत होता की त्याच्या हातात कुऱ्हाड होती, हे तिला कळत नाही. आणि फाइल अस्सल ठरली तरी पुढे तिचा लेखी उतारा होतोच, आणि युक्तिवाद चालतो तो उताऱ्यावर.

या सगळ्यानंतर ‘कोर्ट’ परत पाहिला तर त्याची एक उणीव दिसते. ताम्हाणे बोलणाऱ्याचं, वकिलांचं, न्यायाधीशाचं कोर्टाबाहेरचं जगणं दाखवतो. सरकारी वकील (गीतांजली कुलकर्णी) संध्याकाळी काय स्वयंपाक करते, व्होरा कुठलं चीज विकत घेतो, हेही आपल्याला माहीत होतं. पण त्या संध्याकाळी चाळीजवळ गाणं ऐकायला जी माणसं उभी होती, त्यांच्या घरात कॅमेरा जात नाही. पोलिसांचा ठरलेला साक्षीदार येतो, तोही इतर खटल्यांत वापरून झालेला. खरा श्रोता एकही नाही. गाणं लपवणं हा मला या सिनेमाचा सगळ्यात हुशार निर्णय वाटतो, पण श्रोते लपवणं हा निर्णय वाटत नाही, ती सवय वाटते, आणि ती कोर्टाचीही आहे. चाळीतल्या एखाद्या बाईने ‘आम्ही ऐकलं, आम्हाला त्यात राग ऐकू आला, मरण नाही’ असं सांगितलं असतं तर खटल्याचा निकाल कदाचित तोच राहिला असता. सिनेमा वेगळा झाला असता.

अपवाद एकच, वासुदेवची बायको. उषा बाणे ही भूमिका करत नाहीत, नुसत्या साक्ष देतात असं वाटतं. नवऱ्याचा एक डोळा गटारातल्या वायूने गेला होता. वासामुळे तो पिऊन उतरायचा. आत हवा आहे का हे कळायला खडा टाकून झुरळ बाहेर येतं का बघायचा. तिला गाण्याबद्दल विचारायला बोलावलं होतं, आणि ती खुनाची माहिती देऊन जाते. ज्यांनी त्याला साधनं न देता आत उतरवलं, त्यांचं नाव आरोपपत्रात नाही. न्यायाधीश तिचंही म्हणणं आपल्या शब्दांत सांगत जातात, टायपिस्ट उतरवत जातो. त्यातलं किती कागदावर गेलं ते सिनेमा दाखवत नाही.

शेवटी सुट्टी लागते. कोर्टातले दिवे एकेक बंद होतात आणि अंधाऱ्या खोलीवर कॅमेरा बराच वेळ थांबतो. बहुतेकांना सिनेमा इथे संपला असं वाटतं. पण पुढे सदावर्ते रिसॉर्टवर सहलीला गेलेले दिसतात, बाकावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागते. पोरं गुपचूप जवळ येऊन एकदम ओरडतात. ते दचकून उठतात, हाताला लागलेल्या पोराला थोबाडीत मारतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा झोपतात.